होल्डवरचं जहाज

"लिही," निरंजनमामा म्हणाला. "पिंपरी-चिंचवड परिसरातील एकमेव तर्कशुद्ध, निर्भीड आणि निर्व्यसनी खासगी गुप्तहेर..."

त्याच्या तोंडात तेव्हा तंबाखू होती, त्यामुळे 'निर्व्यसनी' हा शब्द जरा ओला आला. मी लिहून घेतला.

"ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि ज्याचं नाव ऐकताच भोसरीपासून तळेगावपर्यंतचे गुन्हेगार..."

"काय करतात?"

"ते रिकामं सोड. नंतर भरू."

ती जागा बरेच दिवस रिकामी राहिली.

निरंजनमामा हा आईचा धाकटा भाऊ. पिंपळे सौदागरला आमच्याच गल्लीत त्याचं सीसीटीव्ही कॅमेरे बसवून देण्याचं दुकान आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे रिकामे जिने पडद्यावर बघून तो गुप्तहेर झाला. या प्रकरणाआधी त्याने तीन प्रकरणं सोडवली होती. एक हरवलेलं मांजर, जे आपलं आपण परत आलं. एक गच्चीवरचा संशयित इसम, जो टाकी धुवायला बोलावलेला माणूस निघाला. आणि एक त्याची स्वतःची स्कूटर, जी तो भाजी मंडईपाशी विसरून रिक्षाने घरी आला होता. या शेवटच्या प्रकरणात तक्रारदार, गुन्हेगार आणि गुप्तहेर तो एकटाच होता, आणि तिन्ही कामं त्याने सारख्याच गांभीर्याने केली.

हे चौथं प्रकरण. मी सहायक झाले, कारण ते आमच्याच घरात घडलं. शिवाय मामाने नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, "स्वरूपा फार गप्प गप्प असते हल्ली, तिला कामाला लावतो."

माझे वडील, अण्णा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. हिरवा टॅग म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड: शंका आहे, निर्णय व्हायचाय, तोवर माल जागचा हलवायचा नाही. निवृत्त होताना सगळ्यांना घड्याळ मिळतं तसं त्यांनाही मिळालं, पण त्यांनी घरी आणले ते टॅगचे गठ्ठे. माझ्या एका स्थळाच्या बायोडेटाला त्यांनी लाल टॅग बांधून परत पाठवला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'फिनिशिंग चांगलं, आत पोकळ.'

निवृत्तीनंतर त्यांना व्हिडिओ गेमची सवय लावली ती समाधानने. समाधान त्यांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्याच लाइनचा सुपरवायझर. त्याने स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणून बसवला आणि अण्णांना पासवर्डची कटकट नको म्हणून अशी सोय केली, की बटण दाबलं की थेट गेम सुरू.

त्यात आपण एका म्हाताऱ्या मालवाहू अवकाशयानाचे कॅप्टन असतो. यानाच्या पोटात नऊशे माणसं झोपवून ठेवलेली, त्यांना एका दूरच्या चंद्रावर पोचवायचं. वाटेत प्रत्येक थांब्यावर कुणीतरी अडलेलं असतं. पाणी वाटायचं की राखायचं, पळून आलेल्याला लपवायचं की मालकाच्या हवाली करायचं. गेम सगळं लक्षात ठेवतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर 'कॅप्टन गप्प राहिले' अशी नोंद होते, आणि तीही पुढे कधीतरी अंगावर येते. अण्णा त्याला नुसतं 'जहाज' म्हणत. कॅप्टनचा चेहरा त्यांनी स्वतःसारखा बनवून घेतला होता, चष्म्यामिशांसकट. केस तेवढे जास्त दिले होते.

शेवटच्या टप्प्यावर एक प्रश्न येतो. यानाची हवा सांभाळणारा म्हातारा मिस्त्री यंत्राला जखडला गेलाय. त्याला तसाच ठेवला तर तो मरणार आणि नऊशे जण पोचणार. सोडवला तर तो जगणार, बाकीच्यांची खात्री नाही. अण्णांनी यावर चार दिवस विचार केला. मग मॉनिटरला पिवळा टॅग बांधला, तारीख घातली, कारण लिहिलं 'माहिती अपुरी', आणि सही केली. पुढच्या आठवड्यात, मार्चमध्ये, त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथून ते परत आले नाहीत.

या गेममध्ये मागे जाता येत नाही. एकच सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला डाव, असतो, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं की तोही पुसला जातो. सुरुवातीच्या पडद्यावर कॅप्टनच्या नावाखाली खेळलेले तास दिसतात. अण्णांचे होते ४१२. मी तळेगावला राहते आणि दर रविवारी आईकडे येते. आल्यावर चप्पल काढायची, कॉम्प्युटर लावायचा, ४१२ बघायचं, बंद करायचा. मग आईला विचारायचं, कशी आहेस.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे ४२६ दिसले.

जहाज जागचं हललं नव्हतं. प्रश्न तोच, मिस्त्री तसाच. पण चौदा तास कुणीतरी त्या प्रश्नासमोर घालवले होते, आणि त्या कुणाचं तरी एक बोट चुकलं असतं तर अण्णांनी राखून ठेवलेलं भलत्यानेच संपवलं असतं. मी मामाला फोन केला. माझ्या आयुष्यातल्या घाईच्या निर्णयांत याचा क्रमांक बराच वर लागतो.

मामाने पहिली अट घातली की आईला काही कळता कामा नये. "ताई घाबरेल. गोपनीयता," तो म्हणाला आणि तिला चहा टाकायला पाठवलं.

त्याचा पहिला सिद्धांत असा, की गेम जागा झाला असून स्वतःच स्वतःला खेळतोय. त्याने तासभर कॉम्प्युटरला उलटसुलट प्रश्न विचारले. कॉम्प्युटर बोलला नाही, तेव्हा त्याने 'आरोपी लबाड आहे' असा शेरा लिहायला सांगितला. दुसरा सिद्धांत परदेशी टोळीचा होता. ती इंटरनेटवरून घुसते, असं सांगत त्याने भिंतीतली वायर उपटली. इंटरनेट आम्ही एप्रिलमध्येच बंद केलं होतं. मामा वायर हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, टोळीला हे माहीत असावं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने पाळत ठेवली. दुपारी घरात कुणी नसतं असं गृहीत धरून बुधवार, गुरुवार, शुक्रवार, अकरा ते पाच, तो हॉलच्या पडद्यामागे बसला. आईला सुरक्षिततेसाठी तीन दिवस स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. बुधवारी तो झोपला. गुरुवारी झोपला नाही असं त्याचं म्हणणं आहे. शुक्रवारी पडद्याचा दांडा त्याच्या डोक्यावर पडला. आकडा तीन दिवसांत एका मिनिटानेही हलला नाही.

"यावरून काय दिसतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"ज्या दिवशी आपण असतो त्या दिवशी तो येत नाही. म्हणजे त्याला आतली बातमी आहे."

त्या तीन दिवसांत घरात आणखी काय वेगळं होतं, असं मी विचारलं. मामा म्हणाला, काहीच नाही, ताई फक्त माझ्याकडे होती. मी तेही वहीत लिहिलं आणि पान उलटलं. मी बरीच पुस्तकं वाचलेली बाई आहे, हे इथे नमूद केलेलं बरं.

मग पुरावा सापडला. मामाने कीबोर्ड उपडा करून आपटला, तेव्हा अण्णांच्या खारी बिस्किटांचा चुरा पडला आणि त्यात एक वाळकं, काळपट हिरवं पान. मामाने ते चिमट्याने उचललं, डोळे मिटून हुंगलं आणि हळूच म्हणाला, "गांजा."

पान प्रयोगशाळेत गेलं. प्रयोगशाळा म्हणजे मामाच्या मित्राचं काढ्या-चूर्णांचं दुकान. उकळल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मित्र म्हणाला. याचा अर्थ त्याने नाकारलं नाही, असं मामा म्हणाला. तर आरोपी गांजा ओढणारा, गेमची माहिती असलेला आणि घराची किल्ली जवळ असलेला. अण्णा दवाखान्यात असताना आम्ही एक किल्ली समाधानला दिली होती.

समाधान सुपारीसुद्धा खात नाही, हे मी मामाला सांगितलं. "तेच," मामा म्हणाला. "इतका स्वच्छ माणूस असतो का कुठे?"

समाधान दर रविवारी चाकणचे कांदे घेऊन यायचा. आईची औषधं आणून द्यायचा, नळ गळत असला तर बघायचा, अण्णांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसून चहा प्यायचा. त्या रविवारी मामाने त्याला पार्किंगमध्येच गाठलं. मी वही घेऊन मागे. मामाने प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पान त्याच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, की दुपारच्या वेळी मेलेल्या माणसाच्या घरात शिरून नशा करताना लाज कशी वाटली नाही.

समाधानने पानाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"सहायकांचं मत काय?" मामाने विचारलं.

मला मत होतं. मी वहीत बघत राहिले. कॅप्टन गप्प राहिले.

समाधानने जुडग्यातून किल्ली काढली, एका गाडीच्या बॉनेटवर ठेवली, शेजारी कांद्यांची पिशवी ठेवली. "अण्णांनी सतरा वर्षांत मला एकदाही लाल टॅग लावला नाही, ताई," तो म्हणाला. "आणि लावायच्या आधी ते माप घ्यायचे." मग तो बाइकला किक मारून गेला.

मी वर जाऊन आईला सांगितलं, त्याला ओव्हरटाइम आहे.

मामाने ती किल्ली लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि प्रकरण निकाली काढलं. पुढचे दोन रविवार समाधान आला नाही. दोन्ही वेळा आईने दारापर्यंत जाऊन बघितलं आणि विचारलं, "अजून ओव्हरटाइम?" मी हो म्हटलं. दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटर लावला तर आकडा किल्ली घेतल्यानंतरही वाढतच गेला होता: ४९०.

मामाचा चेहरा उतरला, पण दहाच मिनिटं. मग तो टेप घेऊन बाथरूमच्या खिडकीची रुंदी मोजायला लागला. समाधानचे खांदे किती रुंद असतील, याचा त्याने मला अंदाज विचारला. आईकडे कामाला येणाऱ्या सोजरबाई तेव्हा फरशी पुसत होत्या. त्या इथल्या मूळ गावच्या. जिथे आता आमची सोसायटी आहे तिथे त्यांच्या सासऱ्याचं वांग्याचं रान होतं. टेबलावरचं पाकीट त्यांनी उचलून उजेडात धरलं.

"ह्ये कशापायी जपून ठिवलंय?"

"हात लावू नका. अमली पदार्थ आहे तो," मामा खिडकीतून म्हणाला.

"मेथी हाय," सोजरबाई म्हणाल्या. "रोज म्याच झाडते न्हवं. वहिनी बसत्यात हितं दुपारच्या निवडत, त्यो टीव्ही लावून. कवा मेथी, कवा गवार."

मामाने टेप सोडला. तो सुर्रकन आत गेला आणि त्याच्या अंगठ्याला लागला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

"बसते की," ती म्हणाली. "बटण दाबते, ते येतात. भाजी निवडून झाली की परत बटण दाबते."

"काय बघतेस पण?"

"ते उभे असतात ना."

कॅप्टनला काही करायला सांगितलं नाही तर तो नुसता उभा राहतो. श्वास घेतो, वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, मधेच चष्मा काढून पुसतो. मला हे माहीत नव्हतं. मी कधी एका मिनिटापेक्षा जास्त थांबले नव्हते.

"आई, त्याला पिवळा टॅग आहे."

"मग? होल्डवरचा माल हलवायचा नाही, असं म्हणायचे ते. मी कुठे हलवला? बघायला कोण ना म्हणतंय?"

एकतीस वर्षांच्या नोकरीचे नियम तिला आम्हा दोघांपेक्षा जास्त पाठ होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुठे मला विचारलंत? तुम्ही तर चोर शोधत होतात असं वाटलं." तिने मामाच्या गळ्यातल्या किल्लीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि समाधानला खरंच ओव्हरटाइम आहे का गं?"

मामा घसा साफ करून म्हणाला, "लिही. गुन्हा घरातूनच होत असल्याचा संशय मला पहिल्या दिवसापासून..." मी वही उघडली, पण पहिलं पान काढलं आणि सोडलेली जागा भरली: ज्याचं नाव ऐकताच भोसरीपासून तळेगावपर्यंतचे गुन्हेगार मेथी निवडत बसतात. मग त्याच्या गळ्यातून किल्ली काढून घेतली. दोरा त्याच्या कानात अडकला. मी थांबले नाही.

सोमवारी रजा टाकून चाकणला गेले. तीनची शिफ्ट बदलत होती. कंपनीच्या बसगाड्या रांगेने उभ्या होत्या, आणि गेटमधून सेफ्टी शूज घातलेली माणसं डबे हलवत बाहेर पडत होती. समाधान शेवटी आला. मी वाटेत पाठ केलेली वाक्यं विसरले आणि सांगितलं, की घरात आई होती, पान मेथीचं होतं, आणि मामा मूर्ख आहे हे मला माहीत होतं. म्हणून चूक त्याची नाही, माझी.

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. गेमने त्याची काय नोंद केली असती कोण जाणे.

"काकू रोज बसतात?" त्याने विचारलं.

"रोज."

मी किल्ली पुढे केली. त्याने घेतली नाही. "ती तुमच्याकडेच राहू द्या, ताई," तो म्हणाला. "मी बेल वाजवीन."

रविवारी अकरा वाजता बेल वाजली. आई माझ्या आधी दारात पोचली. कांदे आत आले, नळाकडे बघून झालं. मामाही आला होता. प्रकरण त्यानेच सोडवलं असं त्याने सगळ्या बिल्डिंगला सांगितल्यामुळे त्याला येणं भाग होतं. समाधान त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला.

आईने बटण दाबलं आणि मांडीवर मेथीची जुडी सोडली. कॅप्टन उभा राहिला. चष्मा पुसला. थोड्या वेळाने निळ्या गणवेशातली एक मुलगी पडद्यावर आली, त्याच्याजवळ थांबली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"ही सारखी येते आणि हेच विचारते," आई म्हणाली. "काय म्हणते गं?"

मी समाधानकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

"कॅप्टन, तुम्ही अजून आहात ना, असं विचारते."

आईने हातातल्या काडीची पानं खुडून घेतली, काडी बाजूला टाकली, दुसरी उचलली.

"शिफ्ट सुटली म्हणावं त्यांची," ती म्हणाली. "टॅग आहे, कशालाही हात लावू नकोस म्हणावं."

समाधानने स्टूल पुढे ओढलं आणि जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे घेतली.