भिंती हादरवणारं वाद्य

"वाद्य येऊ द्या फक्त, या घराच्या भिंती हादरतील," असं चष्मेवाल्यांनी भर जेवणात जाहीर केलं, ते मुद्दाम साडू समोर बसला असताना.

हा साडू हौशी गायक. जाईल तिथं माईक आणि चाकं लावलेला स्पीकर घेऊन जाणार आणि शेवटचा घास गिळायच्या आत गायला उभा राहणार. चष्मेवाले त्याला त्याच्या लग्नापासून ऐकत आले होते. 'साडूभाऊ, आज तुम्हीच काहीतरी म्हणा' असं मात्र त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं. दिवसभर चष्म्यांच्या दुकानात 'वरची ओळ वाचा, आता खालची वाचा' एवढंच त्यांचं बोलणं, आणि घरी तेवढंही नाही. जन्माला आल्यासारखं एकदा तरी कुणीतरी आपल्याला कान देऊन ऐकावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा होती. तिच्यापायी त्यांनी थेट चीनमधून गुचिन मागवलं.

गुचिन म्हणजे लांबलचक लाकडी पाट, त्यावर सात तारा. टेबलावर ठेवायचं, उजव्या हातानं छेडायचं आणि डाव्या हाताची बोटं तारेवरून घसरवत न्यायची. गिऱ्हाईक नसताना चष्मेवाले दुकानात हेडफोन लावून, आवाज पार वर चढवून ते ऐकायचे. त्यामुळे त्यांच्या कल्पनेत ते आभाळ फाटल्यासारखं वाजायचं. तरी माणूस सावध. मागवण्याआधी त्यांनी विकणाऱ्याला विचारून घेतलं, "आवाज किती लांब जातो?"

उत्तर आलं, "ऐकणारा बसला असेल तिथपर्यंत."

"बघ!" चष्मेवाले बायकोला म्हणाले. "म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही."

मग शेजारधर्म आला. खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहायचे. त्रास होण्याआधीच माफी मागावी म्हणून चष्मेवाले त्यांच्याकडे गेले. शिंपीकाकांनी कपाळाला हात लावला, डोकेदुखी जुनीच आहे म्हणाले, आणि शेवटी मोठ्या मनानं एक नवा चष्मा व जिन्याखालची जागा कापडाचे गठ्ठे ठेवायला, एवढ्यावर त्रास सोसायला तयार झाले. बायकोनंही हिशेब चोख केला. "तुम्ही आवाज करणार, मी सहन करणार. मग संध्याकाळची भांडी तुमची." चष्मेवाल्यांनी मान्य केलं. वाद्य अजून बोटीत, आणि इकडे भांडी घासणं सुरू! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

यथावकाश वाद्य आलं. दिवाणखान्यातल्या टेबलावर चढलं. चष्मेवाल्यांनी श्वास रोखून तार छेडली.

काहीच ऐकू आलं नाही.

पुन्हा छेडली. तार हलताना दिसत होती, पण आवाज नाही. त्यांनी भिंग लावून वाद्य खालून वरून तपासलं, कान साफ केले, शेवटी विकणाऱ्याला कळवलं, "वाद्य बिघडलेलं आहे. आवाज येत नाही."

उत्तर लगेच आलं, "पंखा बंद करा."

पंखा बंद केल्यावर आवाज आला. शेजारच्या खोलीत कुणी हलकेच ताटली ठेवावी, तेवढा. गोड होता, त्यात वाद नाही. पण त्यानं भिंतीवरची पालसुद्धा हादरली नसती. मागून कळलं, हे वाद्य शांत माणसानं एकट्यानं स्वतःशीच वाजवायचं असतं. एकट्यानं! चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. पण आता बोलायची सोय नव्हती. शिंपीकाकांच्या नाकावर नवा चष्मा बसला होता आणि साडूला तर आमंत्रणच गेलं होतं. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. रोज संध्याकाळी दार लावून, पंखा बंद करून, घाम गाळत ते वाजवायचे आणि मग भांडी घासायचे.

गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी शिंपीकाका जिन्यात भेटले. "काल फारच झालं हो! शिवण वाकडी गेली माझी."

चष्मेवाल्यांना भरून आलं. म्हणजे आवाज जात होता तर! त्या आनंदात त्यांनी काकांना चष्म्याचं घरही फुकट दिलं. पुढे एकदा तार तुटली आणि नवी येईपर्यंत वाद्य खोळ घालून पडून राहिलं, तेव्हा शिंपीकाकांची तक्रार आली, "कालच्यासारखं नका वाजवू बुवा, कपाट थरथरत होतं." तेव्हा कुठं चष्मेवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. पण बोलणार कोणत्या तोंडानं?

ठरलेला रविवार उजाडला. साडू स्पीकर ढकलत आला. शिंपीकाका दोन्ही कानांत कापूस कोंबून, सोसणाऱ्या माणसाचा चेहरा करून बसले. चष्मेवाल्यांनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि वाजवायला सुरुवात केली. जीव ओतून वाजवलं. शेवटचं बोट तारेवरून अलगद घसरवत नेलं आणि मान खाली घालून बसले.

सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मग साडू आदबीनं म्हणाला, "साडूभाऊ, तारा जुळल्या असतील तर होऊ द्या सुरू."

"संपलं," चष्मेवाले म्हणाले.

साडूनं शिंपीकाकांकडे पाहिलं. कापसामुळे काकांना काहीच कळलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यांनी डोकं गच्च धरलं आणि ओरडले, "रोज असंच! ढोल बडवल्यासारखं!"

सगळे पोट धरधरून हसले. साडूनं माईक काढला, पंखा लावला, आणि त्यानंतर संध्याकाळ त्याचीच होती.

पाहुणे गेल्यावर चष्मेवाले वाद्याला खोळ घालत म्हणाले, "आजपासून भांडी तुझी. ज्याचा आवाजच नाही, त्याचा दंड कसला?" फार वाईट वाटलं होतं त्यांना.

"आवाज नाही कसा?" बायको म्हणाली. "शेवटी बोट घसरवता तिथं रोज चुकता, आणि चुकलात की मुकाट्यानं पहिल्यापासून धरता. बुधवारी तेवढे चुकला नाहीत. तेव्हा थांबून दाराकडं बघितलंत."

चष्मेवाले बघतच राहिले. "तू कुठं होतीस?"

"दाराच्या पलीकडं, फटीपाशी. कपड्यांच्या घड्या घालत होते. रोजच असते तिथं." ती पाहुण्यांचे पेले गोळा करू लागली. "आजचं बुधवारच्यापेक्षा चांगलं झालं. पण करार तो करार. मला सगळं ऐकू येतं, म्हणजे भांडी तुमची. आधी कढई भिजत घाला."

चष्मेवाले उठले. सांगून खरं वाटणार नाही, पण इतक्या आनंदानं भांडी घासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पातेल्यावर पातेलं आपटत होतं, डाव खणखणत होता, झाकणं जमिनीवर गरगर फिरत होती.

एवढ्यात खालून काठीनं कुणीतरी छत ठोकलं. शिंपीकाकांची ती पहिली खरी तक्रार.