गुरुवारचे पापड

टिपणीससाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीशी बोलतात, मग माणसांशी. दारात चपला काढायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं आणि भिंतीवर दोनदा टकटक करायचं. मग डॉक्टरसारखी मान कलती करून थांबायचं. "बोलते," म्हणाले तर घरच्यांनी निर्धास्तपणे चहा टाकावा. "मुकी आहे," म्हणाले तर पुढची पंधरा मिनिटं त्या घरात कुणाचाच जीव थाऱ्यावर राहत नाही. आमच्या हॉलच्या भिंतीबद्दल त्यांनी पहिल्याच भेटीत "हिला सर्दी होणार" असं सांगितलं होतं. वर्षभरात तिथं ओल आली. तेव्हापासून मी त्यांना मानते. ते आवडायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली.

मी बदलापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि अंबरनाथ पूर्वेला साहेबांच्या शेजारी राहते. म्हणून ते मला "बाई" म्हणतात. साहेब आर्किटेक्ट. वय शहाऐंशी. पाठीचा कणा अजून ओळंब्यात आहे आणि शर्टाला खिसा एकच, कारण दुसरा कशासाठी, हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

"हे काय काम करतं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तो ते जगातल्या कुठल्याही वस्तूला विचारतात. पडद्याच्या झालरीला विचारतात, लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या फेट्याच्या तुऱ्याला विचारतात. एकदा आमच्याकडे माझे दीर आले होते, सोफ्यावर पाय पसरून बसलेले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय काम करतात?" दीर त्या वेळी नोकरी सोडून घरी बसले होते. त्यांना प्रश्न लागला. साहेबांना त्यात लागण्यासारखं काय होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या गल्लीतल्या गणपतीला मात्र त्यांनी सूट दिली आहे. "गणपती काम करतो," ते म्हणाले. "मखर करत नाही."

मागच्या वर्षी पालेगावच्या बाजूला एक नवा टॉवर झाला. दाराशी दोन रोमन खांब, त्यांच्या डोक्यावर सिंह. फ्लॅट बघायला माझी भाची आली होती, म्हणून मी साहेबांनाही बरोबर नेलं. ती माझी चूक. त्यांनी खांबावर टकटक केलं. आतून डबा वाजवल्यासारखा आवाज आला.

"हे काय काम करतं?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमननं मागची फळी सरकवली. "साहेब, यात आम्ही झाडू ठेवतो."

"म्हणजे कपाट आहे," साहेब समाधानानं म्हणाले. "मग ठीक आहे. सिंह कशाला? झाडू राखायला?"

भाचीनं फ्लॅट घेतला नाही. बिल्डरचा माणूस अजून मला ओळख देत नाही.

साहेब मुंबईत शिकले त्या काळात नव्या वास्तुकलेचं वारं होतं. सरळ रेषा, उघडं काँक्रीट, सपाट छप्पर, नक्षीला सुट्टी. नवा देश आहे, त्याला नवी घरं हवीत, जुन्या राजांचे घुमट कशाला, असं ही तरुण मंडळी म्हणत. साहेबांना नाट्यगृहं बांधायची होती, संग्रहालयं बांधायची होती. काम मिळालं ते आमच्या पट्ट्यात. कारखान्याच्या कामगारांच्या चाळी, दोन शाळा, एक दवाखाना, पाण्याच्या तीन टाक्या, उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये बरीच घरं आणि बदलापुरात एक सार्वजनिक मुतारी. या मुतारीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान आहे. तिच्या काँक्रीटच्या जाळ्या त्यांनी वाऱ्याच्या दिशेचा चार महिने अभ्यास करून बसवल्या. अजूनही तिथं वास साचत नाही. असं सांगता येईल अशी शहरात दुसरी इमारत नाही, आणि यात मी नगरपालिकेचं सभागृहही धरलं आहे.

त्यांची सपाट छपरं मात्र आमच्या पावसाला कधीच मानवली नाहीत. लोकांनी एकेक करून त्यांवर पत्र्याची शेड चढवली. साहेब तिला "टोपी" म्हणतात. रिक्षातून जाताना मध्येच ते तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला बघायला लागले, तर समजावं की टोपी घातलेली त्यांची एखादी इमारत येते आहे. त्यांच्या स्वतःच्या घराला टोपी नाही. तिथं पावसाळ्यात हॉलमध्ये एक बादली असते. "छत गळत नाही, बाई," त्यांनी मला समजावलं होतं. "सूचना देतं."

आता पापडांकडे येते.

दर गुरुवारी सकाळी साहेब कापडी पिशवी घेऊन रिक्षानं उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जायचे आणि दुपारी पापड घेऊन परत यायचे. उडदाचे, मिरीचे, पक्के सिंधी पापड. किलो, कधी दोन किलो. मग संध्याकाळी ते गल्लीत वाटप करत. आमच्या घरात इतके पापड झाले की मी ते बदलापूरला बहिणीला, बहीण डोंबिवलीला नणंदेला आणि नणंद कोण जाणे कुणाला पाठवत असे. पेपरात कुठं स्लॅब कोसळल्याची बातमी आली की गुरुवार नसला तरी साहेब पिशवी घेऊन निघत. लोकांना वाईट बातमीनं भूक लागत नाही, यांना पापड लागतात, असा मी त्याचा अर्थ लावला होता. इतिहासाच्या शिक्षिकेनं पुराव्याचा किती चुकीचा अर्थ लावावा, याचा हा नमुना.

कारण साहेब पापड खातच नव्हते. हे मला फार उशिरा समजलं. त्यांच्याकडे जेवायला बसले होते, पानात वरण-भात, भाजी, कोशिंबीर, पापड नाही.

"तुम्ही घेत नाही?"

"मला आवडत नाही," ते म्हणाले आणि भाताकडे वळले.

यंदा दिवाळीनंतर एका सकाळी ते दारात उभे राहिले. आत आले, पण भिंतीवर टकटक केलं नाही. मी घाबरले.

"बाई, गुरुवारी वेळ आहे? सोबत हवी होती."

इतक्या वर्षांत या माणसानं सोबत मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हटलं.

रिक्षात त्यांच्या मांडीवर कागदाची एक लांब गुंडाळी होती. जुन्या नकाशाची निळी प्रत. पाच नंबर कॅम्पातल्या एका घराला जुन्या इमारतींची नोटीस आली होती. तपासणी करून घ्या म्हणून. आज इंजिनिअर मशीन घेऊन येणार होती. घर साहेबांनी बांधलेलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. मालक किमतराय, फाळणीत आलेले, पापडाचे व्यापारी.

"त्या घराला मी एक गॅलरी दिली," साहेब समोर बघत म्हणाले. "पहिल्या मजल्यावर, सात फूट पुढे. खाली एकही खांब नाही. हवेत. वर पापड वाळतील, खाली सावलीत बायका लाटायला बसतील. त्या वेळी इथं असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं."

"मग?"

"गोमा मिस्त्री होता माझा. बारवीकडच्या गावचा. एक दिवस साइटवर गेलो, तर गॅलरी यायची तिथं मधोमध, पुढच्या कडेला, खांब उभा. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, 'सायेब, कागदाव एक खांब इसरलाव तुमी. म्हनून मीच घातला.'"

मी हसले. साहेब हसले नाहीत.

"मी सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. विचारलं, हे काय काम करतं? तो खांब मी त्याच्याच हातानं फोडायला लावला. फोडताना तो एवढंच म्हणाला, 'कागद धरंल सायेब, पन माजा जीव धरं नाय.' मग स्लॅब ओतला. गॅलरी झाली. मासिकात फोटो आला."

रिक्षा सिग्नलला थांबली.

"त्यानंतर गोमा आठ वर्षं माझ्याकडे होता. या विषयावर एक शब्द काढला नाही. पण त्या घरी काही काम निघालं, की दुपारची भाकरी घेऊन बरोब्बर त्या गॅलरीखाली बसायचा. मधोमध. मला वाटायचं, हिणवतो आहे. पडली तर माझ्यावर पडू दे, असं. पुढं तो वारला. आणि मग मला वाटायला लागलं, बाई, की त्याचं बरोबर असलं तर? रोज खाली दहा बायका बसतात."

मला एकदम सगळे पापड आठवले. पन्नास वर्षांचे.

किमतरायांची सून लाजवंती आता सत्तरीच्या पुढं आहे. तिनं दारातच स्वागत केलं. "आओ साईं, आओ. बैठो. मॅडम, पहले पापड-पाणी, बाद में बात." सिंधी घरात पाहुण्याला आधी भाजलेला पापड आणि पाणी मिळतं, नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. साहेबांनी पापड घेतला आणि सवयीनं पिशवीत ठेवला.

"देखा? सासऱ्यांच्या टाइमपासून बघते मी," लाजवंती मला म्हणाली. "आता है, पापड थैली में, और नजर ऊपर. साईं को लगता है, हमको कुछ मालूम नहीं."

साहेब नकाशा उलगडण्यात फार गुंतले.

गॅलरीखालच्या बायकांनी पोळपाट उचलून समोरच्या ओट्यावर हलवले होते. इंजिनिअर मुलगी तिशीची, स्नेहल नावाची. शिडीवर चढून ती गॅलरीच्या पोटावरून इस्त्रीएवढं मशीन फिरवत होती आणि मधूनमधून हातोडीनं हलकेच ठोकत होती. साहेब खाली मान कलती करून ऐकत होते. शहाऐंशी वर्षांचा माणूस परीक्षेला बसलेला मी प्रथमच पाहिला. त्यांच्या हातातल्या निळ्या प्रतीचं दुसरं टोक मी धरलं.

अर्ध्या तासानं स्नेहल म्हणाली, "सर, ड्रॉइंग जरा दाखवता?" तिनं ते पाहिलं, पुन्हा वर चढली, मशीन पुन्हा फिरवलं.

"काही चुकलंय?" साहेबांनी विचारलं.

"चुकलं नाही सर, जास्त आहे. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे सळ्या सगळ्या आहेत, बरोबर अंतरावर. पण इथं मध्ये चार सळ्या एक्स्ट्रा आहेत. जाड. भिंतीतून थेट पुढच्या कडेपर्यंत. त्या ड्रॉइंगमध्ये नाहीत."

"किती जाड?"

"पाऊण इंच दिसतायत."

साहेब ओट्यावर बसले. बायकांनी पोळपाट सरकवून जागा दिली.

"खांबाच्या," ते म्हणाले. "खांबात चार सळ्या होत्या. पाऊण इंची. मी त्याला खांब उभा ठेवू दिला नाही, म्हणून त्यानं आडवा घातला."

वर बघत मी मनात जागा मोजली. गोमा मिस्त्री भाकरी घेऊन बसायचा तो हिणवायला नव्हे. तो आपल्या खांबाखाली बसायचा.

"पण मग गॅलरी त्या चार सळ्यांवर उभी आहे का?" मी स्नेहलला विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"नाही ना, मॅडम. सरांचं डिझाइन एकदम परफेक्ट आहे. त्या चार नसत्या तरी काही झालं नसतं. दोन ठिकाणी प्लास्टर सुटलंय, तेवढं करून घ्या. बाकी टेन्शन घेऊ नका. अजून भरपूर जाईल."

लाजवंतीनं हात जोडून कुठल्याशा फोटोकडे पाहिलं आणि बायकांना ओरडून सांगितलं, "चलो चलो, पाट नीचे लाओ, बहुत आराम हो गया!" एका मिनिटात दहा जणी पुन्हा गॅलरीखाली बसल्या आणि लाटणी सुरू झाली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "मग त्या चार सळ्या काय काम करतात?"

ते गॅलरीच्या पोटाकडे बघत राहिले. त्यांच्याच प्रश्नाला त्यांना इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

"गोमाला झोप लागावी, एवढंच," ते म्हणाले. "लेकाच्यानं मला सांगितलं असतं, तर मलाही लागली असती." मग नकाशा गुंडाळता गुंडाळता, "पण मी विचारलं कुठं? फोडायला सांगितलं तेवढं."

त्यांनी पिशवीत हात घातला, मघाचा पापड काढला, अर्धा मोडून मला दिला आणि उरलेला खाल्ला. सावकाश. सगळा.

"मीठ जास्त आहे," ते म्हणाले.

"लो! पचास साल में पहला पापड खाया, वो भी कंप्लेंट के साथ!" लाजवंती म्हणाली, आणि गॅलरीखालच्या दहाही जणी लाटणी थांबवून हसल्या. साहेबसुद्धा हसले. निघताना त्यांनी गॅलरीखालच्या भिंतीकडे हात नेला, बोट वाकवलं, आणि न ठोकता तसाच तळवा तिला टेकवला. जरा वेळ. मिस्त्रीच्या पाठीवर ठेवावा तसा.

परत येताना रिक्षात त्यांना झोप लागली. टोपी घातलेल्या त्यांच्या दोन इमारती मागं गेल्या, त्यांना कळलंही नाही.

मला वाटलं, आता आमच्या गल्लीची पापडातून सुटका झाली. पुढच्या गुरुवारी सकाळी बघते तर साहेब पिशवी घेऊन रिक्षाला हात करतायत.

"आता काय ठोकायचं राहिलंय?" मी खिडकीतून विचारलं.

"ठोकायला नाही, बाई," साहेब म्हणाले. "घरातले पापड संपले."