करंदीकरकाकूंचे अळणी पोहे

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या करंदीकरकाकू कांदेपोह्यांत मुद्दाम मीठ घालत नाहीत.

लग्नं जुळवणं हा त्यांचा फुकटचा उद्योग. पत्रिकेवर विश्वास नाही. "ग्रह राहिले तिकडे वर, संसार करायचा इकडे खाली," म्हणतात. त्यांचं शास्त्र स्वभावाचं. जगात माणसं दोनच प्रकारची: तवा आणि झाकण. तवा तापतो, झाकण सांभाळून घेतं. एका घरात एक तवा, एक झाकण, की झाला संसार. म्हणून मुलामुलीची पहिली भेट काकूंच्याच हॉलमध्ये, आणि समोर अळणी पोहे. "मीठ नाही" असं तोंडावर सांगेल तो तवा, मुकाट्याने गिळेल ते झाकण.

इथवर गंमत आहे. पण मुलाने मीठ मागितलं की काकू खूश, "स्पष्टवक्ता आहे हो!" मुलीने मागितलं की मंडळी जिना उतरायच्या आत, "फटकळ आहे. सासरी टिकायची नाही."

माझंही स्थळ त्यांनी एकदा आणलं होतं. पहिल्याच घासाला मी मीठ मागितलं. मुलगाही मागणारच होता, पण मी आधी मागितलं. "दोन तवे! घर पेटवाल," काकूंनी निकाल दिला. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की, "अगं, जरा नमतं घेतलं असतंस तर आज पोरंबाळं असती," हे ठरलेलं. मी कमावते, एकटी राहते, मजेत आहे. पण काकूंच्या लेखी वाया गेलेली.

त्यांची लेक मुग्धा मात्र अस्सल झाकण. काहीही वाढा, काहीही ठरवा, तिचं उत्तर, "चालेल." काकूंनी तिच्यासाठी हौसेने एक कडक तवा शोधला. इंजिनिअर, मोठा पगार, मोठा आवाज. मुग्धा माहेरी येऊन रडली की काकू म्हणायच्या, "पुरुषाचा स्वभाव तापटच असतो गं. तू शांत आहेस ना? मग जोडी छान आहे."

गेल्या दिवाळीनंतर मुग्धा बॅग घेऊन कायमची परत आली. आता तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कशाने, ते सगळ्यांना कळलं. विचारलं कुणीच नाही.

परवा काकू माझ्या दारात. आणलं वाटतं पुन्हा एखादं स्थळ, म्हणून मी दारातूनच कटवणार होते.

"आत येऊ?" त्या म्हणाल्या. एरवी थेट सोफ्यावर बसतात. "मुग्धाशी जरा बोलशील?"

"काय बोलू? नमतं घे म्हणून सांगू?" लागावं म्हणूनच म्हणाले मी.

लागलं. तरी म्हणाल्या, "तिला भांडायला शिकव. तुला येतं. म्हणावं, आईपासूनच सुरुवात कर. मी सगळं ऐकून घेईन गं. पण ती माझ्यावर एकदासुद्धा ओरडत नाही."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. मी गेले. मुग्धा खिडकीपाशी मेथी निवडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि सरळ विचारलं, "आईचा राग येत नाही तुला?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"तिच्या मनात चांगलंच होतं," मुग्धा म्हणाली. "जाऊ दे ना."

आत काकूंना हुंदका फुटला. मुग्धाने मांडीवरची मेथी बाजूला केली आणि ती आईची समजूत घालायला उठली.