काकूंच्या गोळीचा दुप्पट धोका

इंग्रजी कागद समोर आला की डिक्शनरीकाकांची कॉलर ताठ व्हायची. अख्ख्या इमारतीने त्यांना हे नाव उगाच ठेवलं नव्हतं! घराचा भाडेकरार असो की मिक्सरची वॉरंटी, वाचून अर्थ सांगायचा तो काकांनीच.

त्या सकाळी त्यांनी काकूंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या खोक्यातून घडीचा कागद काढला, चष्मा पुसून वाचला आणि ओरडलेच.

"अगं, थांब! ठेव ती गोळी खाली! पोटात रक्तस्राव व्हायचा धोका, न घेणाऱ्यांच्या दुप्पट!"

"अहो, पण माझे ठोके चुकतात म्हणून डॉक्टरीणबाईंनीच..."

"त्यांना एवढं बारीक वाचायला वेळ कुठे असतो? दुप्पट, अगं! माझ्या हाताने विष चारू का तुला?"

काकूंनी निमूटपणे गोळी ठेवून दिली. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं इंग्रजी कधी चुकलं नव्हतं. काका मात्र बायकोला मरणाच्या दारातून परत आणल्याची बातमी तिन्ही मजल्यांवर सांगून आले!

बाराव्या दिवशी काकूंच्या हातातून बशी पडली. "अगं, लक्ष कुठंय तुझं?" म्हणत काका वळले, तर काकूंचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. शब्द फुटेना.

"गोळी कुणी बंद केली?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं.

काकांनी खिशातून कागद काढला. त्या वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती!

"वाचलंत ते बरोबर," बाई म्हणाल्या. "पण कितीच्या दुप्पट, ते पाहिलंत? गोळी न घेणाऱ्या हजारांत वर्षाला पाच जणांना रक्तस्राव होतो, घेणाऱ्यांत दहा जणांना. आणि काकूंसारख्यांनी गोळी सोडली, तर हजारांत साठ जणांच्या मेंदूत गुठळी अडकते!"

 काका जवळच्या बाकावर मटकन बसले.

"आता... पूर्वीसारखी बोलेल ना हो ती?"

"रोज सराव करून घेतलात, तर शक्यता तिप्पट होते."

"कितीच्या तिप्पट, बाई?"

"शंभरात दोघांच्या."

काकांनी बोटांवर मोजलं. सहा. पुन्हा मोजलं, तरी सहाच. मग तोंडावर पाणी मारून ते काकूंच्या खाटेपाशी गेले. काकू डोळ्यांनीच विचारत होत्या, काय म्हणाल्या?

"अगं, रोज सराव केलास ना," काका त्यांचा लुळा हात हातात घेत म्हणाले, "तर बोलायची शक्यता तिप्पट! तिप्पट, अगं!"

काकू अर्ध्या तोंडाने हसल्या. नवऱ्यावर त्यांचा अजूनही पूर्ण विश्वास होता.