काकींच्या जिभेवरची नावं

आमच्या द्वारकाकाकींना कुणाचंही नाव सांगितलं की त्या आधी ओठ चाटायच्या, नाहीतर अंगणात जाऊन थुंकायच्या. माणूस कसा आहे, ते नंतर. नावांना चव असते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्या भांडून सांगायच्या. 'गंगू' म्हणजे भाजलेला हुरडा. 'सखाराम' म्हणजे शिळं पिठलं. नसरापुरात नवे तलाठी आले, त्यांचं नाव ऐकताच काकींनी त्यांच्यासमोरच तोंडाला पदर लावला.

"नाव बदला, रावसाहेब. घासलेट लागतंय."

पुढं एका उताऱ्यासाठी माझ्या वडिलांना चार हेलपाटे पडले.

बारशाला त्यांना कुणी बोलवत नसे, तरी त्या जायच्या आणि पाळण्यापाशी उभ्या राहून पोराच्या आत्याशी भांडायच्या. जन्मभर हाक मारायची ते नाव आधी तोंडात घोळवून तरी बघा, म्हणायच्या. शेवटी आजोबांनी देवऋषी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. काकी खोकून खोकून लाल झाल्या. मग त्यांनी शांतपणे त्याचं नाव विचारलं आणि ऐकून म्हणाल्या, "तरीच."

मला त्यांचा खरा राग आला तो माझ्या लग्नात. बायको किकवीची, हिरा. ती उंबरा ओलांडून आत आल्यावर आईनं ताटात तांदूळ पसरले. त्यात मी अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचं होतं, 'पार्वती'. 'पा' लिहून झाला आणि काकींनी ताट उलटं केलं. सोपाभर तांदूळ. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "द्वारकाकाकी, तुमच्या जिभेपायी घराची शोभा झाली. गोठ्यात जाऊन बसा."

त्या हलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही, त्याचंच मला भय वाटलं.

"म्या ह्या घरात आले तवाबी असंच ताट हुतं. तुमी धा जण दिसभर द्वारका द्वारका करता. येकेक हाक कडूजार लागती मला. तीस वरसं गिळतीया. हिचं नाव तरी हिला राहू द्या."

मी अंगठी बोटात घातली. पुन्हा लिहिलं नाही. पण काकींशी वर्षभर बोललोही नाही.

पुढं पुण्यात एका डॉक्टरांना ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. काही माणसांच्या मेंदूत ऐकण्याच्या आणि चवीच्या वाटा जन्मापासून एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणाले. शब्द त्यांना खरोखर जिभेवर लागतो, ते वेड नव्हे. परतताना मोटारीत माझा राग मला आवरेना. देवऋष्याचा, आजोबांचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

घरी येऊन हिराला सांगितलं. ती तडक काकींकडं गेली आणि त्यांचं माहेरचं नाव विचारू लागली. काकींचं माहेर भाटघरच्या धरणात गेलेलं. पाणी चढलं तशी माणसं पांगली, भाऊ वारला, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. काकी हिरावरच चिडल्या.

"लई शानी झालीस. चारचौघांत इचारतीस व्हय?"

मग तिचा हात धरून तिला माजघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

तेव्हापासून दुपारची भांडी घासून झाली की हिरा माजघरात जायची. कधी कधी काकींचं हसू बाहेर ऐकू यायचं. ते हसू घरात आधी कुणी ऐकलं नव्हतं.

काकी गेल्यावर मी हिराला ते नाव विचारलं.

"ते तुमच्या घरचं न्हवं," ती म्हणाली.