चोवीस अक्षरी साठे

मनुष्य मर्त्य आहे, पण त्याचा पासवर्ड अभेद्य असला पाहिजे, ही आमचे शेजारी दिगंबर साठे यांची जीवननिष्ठा आहे. तिचं आचरण ते भिंतीकडे तोंड करून करतात. धायरीतल्या आमच्या सोसायटीत कुणी मोबाइलवर पासवर्ड टाइप करू लागलं की साठे पाठ फिरवतात. "झालं की सांगा." लिफ्टमध्ये या निष्ठेपायी दोनदा त्यांचा मजला चुकला आहे.

निवृत्तीनंतर लोक बाग धरतात, यांनी पासवर्ड मॅनेजर धरला. सगळे पासवर्ड मोबाइलमधल्या एका तिजोरीत, आणि तिजोरीची एकच किल्ली, ती डोक्यात.

मी हिंजवडीत संगणकावर पोट भरतो. माझ्या सातही खात्यांना कुत्र्याचं नाव होतं.

"कुत्रा चावतो का?" साठ्यांनी विचारलं.

"छे हो, गरीब आहे."

"मग पासवर्ड काय चावणार?"

संध्याकाळपर्यंत माझी सातही खाती चोवीस अक्षरी झाली. सुरक्षेवर तासन्‌तास बोलणारे पुष्कळ साहेब मी ऐकले आहेत. ती पाळणारा माणूस हा एकच पाहिला.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अहो, जरा येता का?" साठे मदत मागताहेत म्हटल्यावर मी चपला न घालताच गेलो.

मोबाइलवर लाल इशारा होता. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सुनंदाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या ईमेलचा पासवर्ड कुठूनसा फुटला होता. बाईंनी बहिणीला लिहिलेली सगळी पत्रं त्या ईमेलमध्ये. आता ती कुणीही उघडून वाचावीत.

"बदला की लगेच," मी म्हणालो.

"तिने ठेवलाय हो तो."

"काय आहे?"

"मला काय माहीत? तिचा आहे." साठे चिडले. तिजोरी दोघांची एकच, पण दोन वर्षांत त्यांनी तो उघडून पाहिला नव्हता.

"पुसण्याआधी एकदा बघा तरी."

त्यांनी बोट टेकवलं. मग त्यांनी, साठ्यांनी, मोबाइल माझ्यापुढे धरला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : दिगंबर.

"चाळीस वर्षं नुसतं 'अहो' म्हणाली," ते म्हणाले. "लग्नात उखाण्यात नाव घेतलं, तेही मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही."

आणि बाई रोज ते टाइप करत होत्या.

साठ्यांनी चोवीस नवी अक्षरं घातली. पत्रं बचावली. लगेच घाबरून म्हणाले, "अहो, जुना कुठे गेला?"

ॲप जुने पासवर्डही जपून ठेवतं. मी ते पान काढून दिलं. साठे चष्मा पुसून पाहत राहिले. आठ अक्षरं, आकडा एकही नाही. पुढे ॲपचा शेरा होता : अत्यंत कमकुवत.