आधी वर बग

दळवीकाका लेखकाच्या घरात शिरले की आधी छताकडे बघतात. लेखकाची खुर्ची, चष्मा, दौत यांची भेट नंतर, तीही जमलं तर. मान वर आणि मूठ खांबावर. ठक् ठक्. "पोकळ हा. वाळवी. खलास!"

काका ओमानमध्ये, सोहारला पोलादाच्या कारखान्यात क्रेन दुरुस्त करतात. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. दर सुट्टीत ते गावी जाऊन दक्षिण कोकणातल्या लेखकांची घरं पालथी घालतात. जन्मघर, आजोळ, भाड्याची खोली, काही सोडत नाहीत. परत आल्यावर पुस्तकांबद्दल चकार शब्द नाही. "न्हाणीकडची कौलां सरकलीत," एवढाच अहवाल. सोबत कोणी असलं तर त्यालाही हुकूम, "आधी वर बग!" एका रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, तर जाता जाता त्यालाच म्हणाले, "तुझो खांब जातलो." हे ऐकून मी पोट धरून हसायचो. सुट्टीतला मुक्काम मात्र बहिणीकडे. स्वतःच्या घराचं विचारलं की म्हणायचे, "यल्ला, चल, चाय घे."

गेल्या शुक्रवारी माझं हसू जिरलं. आमचा फोरमन सालिम इथल्याच खाबुरा गावचा. त्याचे आजोबा कवी होते आणि त्यांचं मातीचं घर खजुराच्या बागेत अजून उभं आहे. ते दाखवायला तो आम्हाला घेऊन गेला. आत अंधार. काकांनी सवयीने मूठ आपटली. वरून माती पडली, आधी चिमूटभर, मग ओंजळभर. कुठेतरी वासा कडकडला.

"बाहर! यल्ला!" सालिम ओरडला. मी कसा बाहेर पडलो देव जाणे, एक चप्पल आतच राहिली. काका मात्र येईनात. भिंतीला दोन्ही तळवे लावून उभे, जणू तीच पडणार होती. आम्ही त्यांना ओढून काढलं.

"डरो मत दळवी," सालिम त्यांच्या अंगावरची माती झटकत म्हणाला, "छत फिर बनेगा."

"और दीवार?" काकांनी विचारलं.

परतताना गाडीत ते आपणहून बोलले. "आमची सुमती, माझी बायको, लिवायची. कविता. चुलीमागच्या भिंतीवर, कोळशान. कागद दिलो तर म्हणायची, भात ढवळताना कागद खंय सांभाळू?" त्यांनी केसांतली माती झटकली. "ती गेली तेव्हापासून घर बंद हा. कौल सरकला असला तर पाणी थेट त्या भिंतीवर."

इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांची छतं तपासत फिरला, आणि मी हसत होतो.

"ह्या सुट्टीत माझ्यावांगडा चल," ते म्हणाले. "माझी छाती होणा नाय. मी भायर खळ्यात उभो रवतंय. तू आत जा."

"जातो काका. आधी वर बघतो."

"नको रे," त्यांनी माझा हात घट्ट धरला. "वर बगू नको. आधी भिंत बग."